पाहुण्यांची दोन तिकिटं

परदेशातल्या पदवीदान समारंभाची तयारी म्हटलं की मुलं पहिल्यांदा गाऊनचं विचारतात. भाड्याचा गाऊन किती दिवस आधी सांगायचा, टोपीसाठी डोक्याचं माप कुठून घ्यायचं, आतून साडी नेसली तर चालते का. मी आनंदाने उत्तरं देते. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात एम.एस्सी.नंतर पीएच.डी. करताना समारंभाच्या दिवसांत मी गाऊन घालून देण्याच्या खोलीत काम केलं आहे. तासाच्या हिशेबाने पैसे मिळायचे आणि मला कापडाची आवड होतीच. पण कोल्हापुरात परतल्यापासून कुणी सल्ला मागायला आलं की आधी मीच विचारते, घरातून येणार कोण? दोघांची नावं ठरली का?

सभागृह लहान आणि मुलं पुष्कळ, त्यामुळे एका विद्यार्थ्यामागे साधारण दोनच पाहुण्यांना जागा मिळते. हा आकडा कळल्यावर आपल्याकडच्या घरात काय होतं ते मी पुष्कळदा पाहिलंय. आई-वडील तर हवेतच. मग कर्जाला जामीन राहिलेल्या मामाचं काय? फीच्या पहिल्या हप्त्यासाठी पाटल्या मोडून दिलेल्या आजीचं काय? प्रश्न तिकिटांचा असला तरी तेवढ्या निमित्ताने या शिक्षणाला कुणाकुणाचा हात लागला त्याची यादीच घरात मांडली जाते. ही यादी वेळेवर मांडली तर कुणी दुखावत नाही. उशीर झाला की रुसवे होतात आणि विमानाची तिकिटंही महागतात.

मी मूळची इचलकरंजीची. घरी यंत्रमाग. डीकेटीईत वस्त्र अभियांत्रिकी शिकले आणि लीड्सला गेले तीही कापडासाठीच. ते विद्यापीठ ज्या यॉर्कशायर कॉलेजातून वाढलं, ते १८७४ साली तिथल्या गिरण्यांच्या गरजेतून निघालं होतं आणि लंडनच्या क्लॉथवर्कर्स या जुन्या वस्त्र-संघाने त्याला भरघोस पैसा दिला. आजही आवारातल्या इमारतींवर त्या संघाचं नाव आहे. मागाच्या आवाजात वाढलेल्या मुलीला ते नाव दगडावर कोरलेलं बघून आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

एका वर्षाच्या एम.एस्सी.चं वेळापत्रक इथल्या पालकांना समजावून सांगावं लागतं. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला प्रबंध द्यायचा. निकाल नोव्हेंबरात. समारंभ डिसेंबरात. खोलीचा करार बहुधा प्रबंधाबरोबरच संपतो आणि मधले तीन महिने कुठे राहायचं हा प्रश्न उभा राहतो. मी शिकत होते तेव्हा शिक्षणानंतर कामासाठी थांबायचा जुना परवाना बंद झालेला होता. तो २०१२ मध्ये गेला आणि ग्रॅज्युएट रूट या नावाने नवा यायला जुलै २०२१ उजाडला. मधल्या वर्षांतल्या मुलांना व्हिसाचे उरलेले चार महिने आणि शिल्लक पैसे एवढ्यातच भागवायचं होतं. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं सप्टेंबरातच परतली. पदवीपत्र पोस्टाने आलं, समारंभाला ती नव्हतीच. मी एका गुजराती कुटुंबाच्या वरच्या खोलीत राहिले, गोदामात काम केलं आणि थांबले.

माझ्या घरून कुणी आलं नाही. दोन माणसांचं विमानभाडं, व्हिसा आणि राहणं एवढा खर्च तेव्हा झेपणारा नव्हता, आणि ते सगळ्यांनी न बोलता मान्य केलं होतं. माझी दोन्ही तिकिटं मी वर्गातल्या नायजेरियन मैत्रिणीला दिली. तिची चार माणसं आली होती. आमचा समारंभ सकाळी साडेदहाचा, म्हणजे इचलकरंजीत दुपारचे चार. मागांच्या आवाजात काही ऐकू येणार नाही म्हणून घरचे सगळे चुलत्यांकडे जाऊन संगणकावर समारंभ बघायला बसले होते. संध्याकाळी फोनवर वडिलांनी गाऊनच्या कापडाबद्दल विचारलं. सूत कुठलं, पिक म्हणजे इंचाला आडवे धागे किती. मी सांगितलं, भाड्याचे गाऊन आता बहुतेक पॉलिएस्टरचे असतात, पूर्वी कापूस आणि लोकर मिळून विणलेलं, उभ्या रेघा दिसणारं रसेल कॉर्ड नावाचं कापड वापरायचे. ते म्हणाले, एकदा हात लावून बघायला पाहिजे.

पीएच.डी. सुरू झाल्यावर मी गाऊनच्या खोलीतलं काम धरलं. ईड अँड रेव्हन्सक्रॉफ्ट ही लंडनची कंपनी १६८९ पासून अशी वस्त्रं शिवते आणि ब्रिटनमधल्या पुष्कळ विद्यापीठांना पुरवते, हे मला तिथेच कळलं. गाऊनवर पाठीशी जे कापड सोडतात ती हूड, आणि लीड्सच्या हूडचा रंग हिरवा. त्याच्या गडद, मध्यम आणि फिक्या छटांवरून पदवी ओळखता येते. दिवसभर ती हिरवी हूड हाताखालून जायची.

आता जरा बारकाईने सांगते, कारण हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं नसतं. मास्टर्सच्या गाऊनची बाही लांब असते आणि तळाशी शिवून बंद केलेली असते. हात बाहेर काढायची फट कोपराच्या आसपास ठेवलेली असते. नवीन माणूस हात सरळ खाली घालतो, तो बंद टोकात जाऊन अडतो आणि चेहरा एकदम कावराबावरा होतो. दुसरं म्हणजे हूड. ती गळ्यातून पाठीवर सोडायची असते आणि पुढे तिला एक लूप असतो, शर्टाच्या बटणात अडकवायला. साडीच्या ब्लाऊजला पुढे तसं बटण नसतं, कुर्त्यालाही बहुधा नसतं. मग हूड स्वतःच्या वजनाने मागे घसरते आणि गळ्याला काचते. आपल्या मुली मंचावर एका हाताने गळा धरून चालताना दिसतात त्या यामुळे. उपाय साधा आहे. पदराच्या निऱ्या अरुंद घ्यायच्या, खांद्यावर आधी पदर पक्का करायचा, त्यावर गाऊन आणि मग हूड. दोन्ही खांद्यांवर गाऊनच्या आतून एकेक सेफ्टी पिन, आणि लूप पुढे ब्लाऊजला पिनेने धरायचा. पैठणी असेल तर पिनेखाली जाड कापडाचा तुकडा ठेवायचा, म्हणजे रेशीम फाटत नाही. अंबाडा मानेजवळ घालायचा, वर घातला तर चौकोनी टोपी बसत नाही. डोक्याचं माप भुवयांच्या वर, कानांच्या जरा वरून टेपने सेंटीमीटरमध्ये घ्यायचं. माझ्या पर्समध्ये समारंभाच्या दिवशी पिनांचं पाकीट असायचंच.

अशाच एका डिसेंबरात, मला वाटतं साताऱ्याकडची, एक मुलगी माझ्यासमोर उभी होती. पिना लावून झाल्या तरी ती जागची हलेना. आई-वडील हॉटेलातून निघालेत पण पोचले नाहीत, फोन लागत नाही. पाहुण्यांना समारंभाच्या बराच आधी जागेवर बसावं लागतं. मिरवणूक आत आली की दारं बंद होतात. हिची रांग लावायची वेळ झाली आणि ती गेली. आई-वडील टॅक्सीने आवाराच्या दुसऱ्या टोकाला उतरले होते. इथलं सिमकार्ड तिथे चालत नव्हतं, इंग्रजी विचारायचा संकोच, थंडीत चालत चालत ते पोचले तेव्हा दारं लागली होती. त्यांना शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसवलं. मुलीचं नाव पुकारलं गेलं, ती मंचावरून चालत गेली, आणि इतक्या लांबून आलेल्या त्या दोघांनी ते तसंच पडद्यावर पाहिलं, जसं त्यांना घरी बसूनही पाहता आलं असतं.

त्या दिवसानंतर माझं लक्ष गाऊनवरून पाहुण्यांकडे वळलं. मुलीची तयारी पूर्ण होती. पिनही बरोबर लागली होती. आई-वडिलांची तयारी कुणीच करून घेतली नव्हती. पदवी मिळायला समारंभ लागत नाही. आपण हजर असू वा नसू, विद्यापीठाच्या दप्तरात पदवी नोंदली जाते. मग हा सगळा खटाटोप ज्यांच्यासाठी करायचा तीच माणसं बाहेर राहिली तर गाऊनला अर्थ काय?

पदवी आणि हजेरीच्या अशा गोष्टी आपल्या कोल्हापूरच्या इतिहासातही आहेत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त इंग्लंडला गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांना केंब्रिजने एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. त्याच दौऱ्यात, ते इंग्लंडमध्ये असतानाच, २६ जुलैला करवीर म्हणजे कोल्हापूरच्या दरबाराने सरकारी नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी डॉ. आंबेडकरांना लोकांपुढे आणलं, आणि त्याच वर्षी बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले तेव्हा त्यांना पैशाचीही मदत केली. लंडनची डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. महाराज मे १९२२ मध्येच गेले होते. कोलंबियाची पीएच.डी. तर त्याहून उशिरा, १९२७ मध्ये मिळाली, कारण प्रबंध छापून दाखल केल्याशिवाय ती देण्याचा नियम नव्हता. ते वर्ष महाडच्या सत्याग्रहाचं. बाबासाहेब भारतातच होते. त्याच कोलंबियाने १९५२ च्या जूनमध्ये त्यांना सन्माननीय एलएल.डी. दिली तेव्हा मात्र ते स्वतः न्यूयॉर्कला गेले. मी मुलांना हे सांगते ते दोन्ही गोष्टी कळाव्यात म्हणून. समारंभ हुकला म्हणून पदवी कमी होत नाही. आणि ज्याने पाठवलं तो आपली पदवी बघायला असेलच असं नाही, म्हणून तो असताना त्याला न्यायची संधी असेल तर ती घ्यावी.

शिरोळ तालुक्यातल्या एका घराची तयारी मी कोल्हापुरात बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत करून घेतली. मुलगी तिकडे प्रबंध लिहीत होती. वडिलांकडे ऊस. समारंभ डिसेंबरात, म्हणजे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात. वडिलांनी पहिल्या भेटीतच सांगून टाकलं, "मॅडम, तोड आली तर? ऊस काय माझ्यासाठी थांबतोय व्हय?" त्यांचं खरंच होतं. लागणीच्या नोंदीप्रमाणे पाळी येते, टोळी फडात उतरली की मालक हजर लागतो, आणि पाळी गेली तर वजन घटतं. नवऱ्याशिवाय एवढ्या लांब जायला आई तयार नव्हती. शेवटी चुलत्यांनी फड अंगावर घेतला. हा निर्णय व्हायला महिनाभर गेला आणि माझ्या मते तयारीतलं सगळ्यात मोठं काम तेच होतं.

मग कागद. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून विवरणपत्र नाही. व्हिसा देणाऱ्याला मात्र पैसा कुठून येतो ते दिसावं लागतं. उसाचं बिल बँकेत एकदम जमा होतं आणि खातेउताऱ्यावर एकच मोठी रक्कम दिसली की शंका येते. म्हणून आम्ही कारखान्याच्या बिलांच्या पावत्या तारखेनुसार लावल्या, तीच तारीख आणि तीच रक्कम खात्यात कुठे आली ते खुणेने दाखवलं, सोसायटीच्या कर्जाचा उतारा लपवला नाही, तोही जोडला. सातबारा मराठीत, त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि मजकूर बरोबर असल्याची हमी त्यावर लागते. मुलीचं निमंत्रणपत्र आणि समारंभाला तिची नोंदणी झाल्याचा विद्यापीठाचा कागद जोडला. परत का येणार, या प्रश्नाला उत्तर फडातच उभं होतं. उभा ऊस, जनावरं आणि शाळेत जाणारा धाकटा मुलगा.

बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जावं लागलं. वडिलांच्या बोटांवरच्या रेषा कामाने झिजलेल्या, यंत्र ठसा घेईना. तिथल्या मुलाने ओल्या कापडाने एकेक बोट पुसून, दाबून, पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि जमवलं. त्या मुलाचे मी आजही आभार मानते.

आणि यात सगळ्यात अवघड गोष्ट अशी की हे सारं निकालाच्या आधी करावं लागतं. व्हिसाला साधारण तीन आठवडे धरायचे, प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो, आणि निकाल लागतो नोव्हेंबरात. म्हणजे मुलगी पास झाली की नाही हे कळण्यापूर्वीच बापाने कोल्हापूर ते मँचेस्टरचे पैसे भरायचे. एका मुलाचा प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला आणि त्याचं नाव डिसेंबरच्या यादीतून गेलं. आई-वडिलांची तिकिटं हातात होती. त्याने मला विचारलं, रद्द करू का? मी म्हणाले, येऊ दे त्यांना, तू शिकतोस ती प्रयोगशाळा दाखव. ते आले, आठवडाभर राहिले, समारंभ जुलैत झाला तेव्हा येऊ शकले नाहीत. तेव्हापासून मी सांगते, तिकीट थोडं महाग पडलं तरी तारीख बदलता येणारं घ्या. दुसऱ्या एका मुलाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता बँकेकडून वेळेत सुटला नाही, फी बाकी दिसली आणि नाव यादीत येईना. म्हणून सप्टेंबरातच फीची बाकी शून्य आहे ना, हे स्वतः उघडून बघायचं.

शिरोळच्या आईंना मी बूट आधीच घ्यायला लावले. आयुष्यभर चपला घातलेल्या पायांना नवे बूट तिथे जाऊन बोचले तर माणूस हॉटेलातच बसतो. त्या रोज संध्याकाळी गावच्या रस्त्यावर पायमोजे आणि बूट घालून फिरायच्या. लोक बघायचे, त्या फिरायच्या. साडीखाली गरम कपडे कसे घालायचे ते आम्ही माझ्या घरी घालून बघितलं. गळ्यात कोल्हापुरी साज घालायचा होता. तो स्वेटरखाली झाकला जाऊ नये म्हणून पुढून उघडा राहणारा स्वेटर शोधला. वडिलांचा फेटा बांधायला तिथे कुणी मिळणार नाही, तर त्यांनी आरशाशिवाय बांधायचा सराव केला. कागदावर मराठीत लिहून दिलं: कुठल्या दारात उतरायचं, कुणाला तिकीट दाखवायचं, किती वाजता जागेवर बसायचं. मुलीची रांग उठली की मोजायला लागा, एका नावाला काही सेकंदच मिळतात, फोटोच्या नादात ते घालवू नका, डोळ्यांनी बघा. आणि बाहेरचे फोटो समारंभाच्या आधी काढा, कारण डिसेंबरात तिथे पावणेचारला सूर्य मावळतो.

नावाचंही एक आहे. पुकारणारा माणूस आपली नावं पहिल्यांदाच वाचत असतो. उच्चार लिहून किंवा बोलून पाठवायची सोय असते, ती मुलं कंटाळून टाळतात. मी मागे लागून करून घेते. वडिलांचं नाव मधे असतं आणि ते नीट ऐकू आलं की पाहुण्यांच्या जागेवर बसलेला माणूस ताठ होतो, हे मी मागून पुष्कळदा पाहिलंय.

माझी पीएच.डी. २०२० मध्ये झाली. त्या वर्षी समारंभ झालेच नाहीत. मी कोल्हापुरात होते, पदवीपत्र कुरिअरने आलं. पुढे अनेक विद्यापीठांनी राहिलेल्या मुलांना बोलावलं तसं मलाही बोलावणं आलं, आणि या वेळी व्हिसा मलाही काढावा लागला. वडील आले, आई आली. १८९४ साली बांधलेल्या त्या ग्रेट हॉलमध्ये माझ्या जुन्या सहकारी बाईंनी मला गाऊन घालून दिला. समारंभानंतर बाहेर वडिलांनी दोन बोटांत बाही धरली, उजेडात ताणून बघितली, कापडाची वीण आणि शिलाई बघितली आणि आईला समजावून सांगायला लागले. तो फोटो एका अनोळखी पालकांनी काढून आम्हाला पाठवला.

आता इथे शिकवते. शिवाजी विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभाच्या दिवसांत ग्रंथदिंडी निघते, आवारात गर्दी असते, तरी पुष्कळ मुलं पदवीपत्र नंतर पोस्टाने मागवतात. जवळ असूनही आई-वडिलांना आणत नाहीत. हजारो मुलांना मंचावर बोलावणं शक्य नसतं हे खरं, पण आवारात येऊन कागद हातात घ्यायला कुणाची आडकाठी नाही. परवा इचलकरंजीच्या एका विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, आईची सूतगिरणीत पाळी असते. मी म्हणाले, तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी तिला सांग, पाळी बदलून घ्यायला तिला वेळ लागेल.